कूलरजवळच्या चपला

सेलूच्या आमच्या घरी गाडीच्या चार्जिंगचा सॉकेट बसवायला आलेला इलेक्ट्रिशियन गाडीकडे बघेचना. कानामागे पेन्सिल खोचून तो पत्र्याच्या कूलरपाशी थांबला. खाली आईच्या रबरी चपला होत्या.

“काकू, पाणी भरताना चप्पल काऊन घालता?”

“झटका लागते ना, बापा!” आई सहज म्हणाली.

“मंग घराले अर्थिंगच नाई. पयले ते करतो, सॉकेट मागून.”

मी वैतागलो. त्यानं मात्र दुपारभर अंगणात खड्डा खणून अर्थिंग केलं, मगच सॉकेट बसवला. जाताना कूलरला टेस्टर लावून दाखवला. टेस्टरचा दिवा लागला नाही, म्हणजे पत्र्यात करंट उरला नव्हता. आईनं भीतभीत चपला काढल्या, पाणी भरलं आणि हसली. मला हायसं वाटलं. गाडीसाठी मी लगेच माणूस बोलावला होता. आई मात्र कित्येक उन्हाळे चपला घालून पाणी भरत होती.