साहेबांची शाल आणि साडेसहाची बस

आज छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि ओल्या शाईच्या वासानं मला गावच्या ग्रामपंचायतीत नेऊन उभं केलं.

अकरावीच्या आम्हा सहा जणींना तुळजापूरच्या कॉलेजात जायला सकाळची बस नव्हती. जन्मभर पत्रकं वाटणारे दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "जिल्ह्याचा सायब बाहेरचा हाय, मराठी येत न्हाय त्याला. निवेदन इंग्रजीत द्या, म्हंजी टाळाया येणार न्हाय." मी ते पाठ करून ग्रामपंचायतीत आलेल्या साहेबांपुढं खणखणीत म्हटलं.

साहेब हसून म्हणाले, "धिस बस, यू वॉन्ट व्हेन?"

पुस्तकातला प्रश्न 'व्हेन'नं सुरू व्हायचा. हे तर बसपासूनच सुरू झालं, म्हणजे प्रश्न नव्हेच.

"काय म्हनले गं?" मागून सुनीतानं ढोसलं.

"दिली म्हनले!"

टाळ्या पडल्या. सरपंचांनी तयार ठेवलेली शाल लगेच साहेबांच्या खांद्यावर घातली. साहेब क्षणभर गोंधळले, मग शाल सावरून गाडीत बसले.

बस आली नाही. सुनीताचं शिक्षण तिथंच थांबलं.

घरी आई "बस येती कवा?" म्हणते, "कवा येती बस?" म्हणते, आमचं कधी अडलं नाही. मग तिथंच कसं अडलं? साहेबांनी पुन्हा का विचारलं नाही? आम्हाला शाल घालायची एवढी घाई का होती? तेव्हा मला फक्त स्वतःची लाज वाटली. आज संतापावं कुणावर, तेच कळत नाही.

गठ्ठ्यातलं वरचं पत्रक काढलं. सुनीताच्या मुलीसाठी लिहिलेली मागणी मराठीत आहे, आणि पहिलेच शब्द ठळक आहेत : सकाळी साडेसहाला.