समुद्राला जाताना दुसरं लुगडं

गावातलं कोणी सुरतेकडे निघालं की कौसाबाई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. आधी इकडचं तिकडचं बोलायची आणि मग हळूच विचारायची, समुद्रावर जाणार का? हो म्हटलं की बोचकं सोडायला लावायची. जरीचं लुगडं दिसलं की बाहेर. पांढरं दिसलं की तेही बाहेर, कारण तिथली वाळू काळी असते आणि कितीही धुतली तरी सुताच्या विणीत बसून राहते. पातळ मलमल तर नकोच, भिजली की अंगाला अशी चिकटते की चारचौघांत उभं राहायची सोय उरत नाही. जाड सुताचं, गडद रंगाचं नेसा. तसंच दुसरं कोरडं बरोबर घ्या, पोलक्यासकट. फिरकीचा तांब्या गोड्या पाण्याने भरून न्या, पण ते पाणी पिऊन टाकू नका, अंगावर घ्यायला ठेवा.

बाया हसायच्या. लोटनची बायको एकदा म्हणाली, "कौसाबाई, तू तं अशी सांगस, जशी काही समुद्रना काठेच जल्मनी."

कौसाबाईही हसायची. ती समुद्रावर एकदाच गेली होती, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या तरी जागी.

प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावर त्यांचं गुजरांचं घर. नथ्थू आणि हिंमतराव हे दोघे भाऊ. कापूस आणि केळी. नथ्थूची बायको जमनाबाई, म्हणजे कौसाबाईची मोठी जाऊ. जमनाबाईंची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिला सुपात घालून नदीवर नेलं, पाण्याला तिचे पाय लावले आणि नाव ठेवलं तापी. नवस बोलल्या की पोर पाच वर्षांची झाली की तापीमायला लुगडं नेसवीन.

घाटावर लुगडं सोडायचं तर सोपं होतं. पण जमनाबाईंना ते पटत नव्हतं. घाटावर सोडलेलं लुगडं पुढच्याच वळणावर कोणी तरी बांबूने ओढून घेतं आणि पोळ्याला नेसतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या म्हणायच्या की माय इथून सासरी जाते, तिचं सासर समुद्रात. नवी नवरी सासरच्या दारात नव्या लुगड्यात उतरायला हवी, म्हणून आपण लुगडं तिथेच न्यायचं.

तापी पाच वर्षांची झाली आणि योगही आला. नंदुरबारच्या जिनात येणारा कापसाचा दलाल चुनीलाल सुरतेचा. त्याच्या मुलीचं लग्न निघालं. नथ्थू-जमनाबाईंना आवतण आलं. पंचावन्न सालचा माघ होता. जमनाबाईंनी नंदुरबारहून हिरवं, तांबड्या काठाचं लुगडं आणलं. त्यावर खण, बांगड्या, हळदकुंकवाची पुडी ठेवून सगळं पिवळ्या फडक्यात बांधलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि परसात वेगळ्या जाऊन बसल्या. कावळा शिवला होता. आता चार दिवस कशालाच हात लावायचा नव्हता.

त्यांनी लांबूनच कौसाबाईला हाक मारली. तू आणि हिंमतराव जा, म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कौसाबाईने तोंड वाईट केलं, पण आत कुठे तरी तिला उकळी फुटली होती. आगगाडी, सुरत, समुद्र. ती उकळी तिला पुढे जन्मभर आठवली.

समुद्रावर काय नेसायचं हे विचारायला गावात कोणी नव्हतं. लोटन एकदा सुरतेला जाऊन आला होता. तो म्हणाला, समुद्र म्हणजे पुरातली तापीच, फक्त ती कुठे जात नाही. मग कौसाबाईने तापीवर जायचं तसंच धरलं. तापीवर दुसरं लुगडं कोण नेतं? नेसत्या लुगड्याने बुडी मारायची, अर्धं पिळून वाऱ्यावर धरायचं, अर्धं अंगाला गुंडाळायचं, आणि घाटाच्या पायऱ्या चढून वर येईपर्यंत सगळं खडखडीत. लग्नाचं जड लुगडं ट्रंकेत गेलं. समुद्रासाठी तिने माहेरचं मोतिया रंगाचं मलमलीचं काढलं. सुरतेच्या बायकांत आपण शेतातून उठून आल्यासारखं दिसू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

नवापूर मागे पडलं तशी डब्यातली बोली बदलली. तिने पिवळं बोचकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुनीलाल आणि त्याच्या बायकोने पाहुण्यांना घोडागाडीतून डुमसला, तापी समुद्राला मिळते तिथे, हवा खायला नेलं. सरूच्या झाडांमधून पुढे आलं आणि कौसाबाई थांबली. वाळू काळी होती, चुलीतल्या राखेपेक्षा काळी. पाणी लांब गेलेलं. चुनीलालची बायको म्हणाली की इथूनच हात जोडा, पुढे चिखल आहे आणि पाणी परत फिरलं की कळत नाही. कौसाबाईला वाटलं, आपण नदीकाठची बाई, पाण्याची भीती आपल्याला कोण घालणार. पण आधी पायाखालचा अंदाज घेऊन येऊ असं म्हणून तिने बोचकं हिंमतरावांजवळ ठेवलं, नारळ आणि हळदकुंकू तेवढं घेतलं आणि पुढे गेली.

नारळ सोडला. हळदकुंकू वाहिलं. मागे वळली तोवर लाटेने तिला गुडघ्यातून उचललं आणि चिखलात पालथं पाडलं.

उठली तेव्हा मोतिया लुगडं उरलंच नव्हतं. काळा चिखल आणि ओलं अंग, दोन्ही सारखंच दिसत होतं. आजूबाजूला हवा खायला आलेली सुरतेची माणसं. समोर चुनीलाल, नवऱ्याचा स्नेही, ज्याच्यापुढे तिने तोंडावरचा पदर कधी वर केला नव्हता. तो भला माणूस, त्याने पाठ फिरवली. त्याने पाठ फिरवली म्हणूनच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वाऱ्यावर उभी राहिली, पदर पिळला, धरला. लुगडं वाळेना. खारं पाणी नुसतं चिकटून राहिलं आणि अंगाला खाज सुटली. फिरकीच्या तांब्यातलं पाणी येतानाच पिऊन संपलं होतं.

चुनीलालच्या बायकोनेच ते पिवळं बोचकं उचललं. "आ तो कोरी साडी छे," म्हणाली आणि कौसाबाईला सरूच्या मागे घेऊन गेली.

कौसाबाईला एक शब्द बोलता आला असता. हे मायचं आहे, असं म्हणाली असती तर त्या बाईने आपली चादर दिली असती, घोडागाडीचा पडदा सोडून दिला असता, काही तरी केलं असतं. ती बोलली नाही. हात वर केले आणि हिरवं लुगडं अंगाभोवती गुंडाळून घेतलं. कोरं, सुकं, पेठेचा वास असलेलं. एक क्षण तिला इतकं बरं वाटलं की डोळे मिटले.

नेसलेलं लुगडं देवाला चालत नाही. नवं घ्यायला सुरतेत वेळ होता. पण नवऱ्याला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, आणि हिंमतरावांना बायकी नवसाचं काय माहीत. त्यांनी विचारलंही नाही.

घरी आल्यावर जमनाबाई दारातच उभ्या होत्या. तापी त्यांच्या पदराला धरून. त्यांनी पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही, आधी विचारलं, "दिधं ना मायले?"

"दिधं," कौसाबाई म्हणाली.

जमनाबाईंनी तिथेच उंबऱ्यावर बसून नदीच्या दिशेने हात जोडले. हिरवं लुगडं कौसाबाईच्या ट्रंकेच्या तळाशी गेलं.

त्याच पावसाळ्यात पोरीला ताप भरला. उतरला तेव्हा तिचा डावा पाय लुळा पडला होता. पुढे ती चालू लागली, पण पाय ओढत. अंगणातल्या मातीत तिच्या एका पावलाचा ठसा उमटायचा आणि दुसऱ्याची रेघ. जमनाबाई ज्याला त्याला सांगायच्या की लुगडं पोचलं होतं म्हणून पायावर निभावलं, नाही तर पोर हातची जात होती. हे त्या कौसाबाईच्या समोरच सांगायच्या, तिच्या पाठीवर हात ठेवून. कौसाबाई पीठ मळत असली तर मळतच राहायची.

तापीमाय एका लुगड्यासाठी लेकराचा पाय घेईल, असं तिला खरोखर वाटत नव्हतं. जी माय सगळ्या काठाला पाणी पाजते ती इतकी कोत्या मनाची नसेल. हे ती रोज सकाळी दिवा लावताना स्वतःला सांगायची. आणि मग तापी पाय ओढत न्हाणीकडे जायची, आणि ते सांगणं तिथेच संपायचं.

तिने भरपाई करायचा प्रयत्न केला. दिवाळीला माहेरहून आलेलं हिरवं लुगडं घडी न मोडता ठेवलं. गावातला धुडकू केळीच्या ट्रकबरोबर सुरतेला जायचा, त्याच्याकडे गुपचूप दिलं. डुमसला जाऊन पाण्यात सोड म्हणून सांगितलं. तो परत आला आणि म्हणाला की सोडलं. तिने विचारलं, वाळू कशी होती? धुडकू म्हणाला, वाळू ती वाळू, पांढरी. पुढच्या पोळ्याला त्याची बायको हिरव्या लुगड्यात दिसली. कौसाबाईने मान खाली घातली आणि बैलांना पुरणपोळी भरवत राहिली. कोणत्या तोंडाने बोलणार होती?

त्यानंतर तिने कोणाबरोबर काही पाठवलं नाही. कोणी कितीही शपथेवर सांगितलं असतं तरी तिला खरं वाटलं नसतं. ती नुसती जाणाऱ्यांची बोचकी तपासायला लागली. आपल्यावर आली ती वेळ दुसरीवर येऊ नये, तेवढं तरी आपल्या हातात आहे, असं तिला वाटायचं.

तापी वयात आली. पायामुळे दोन ठिकाणांहून नकार आले, तेव्हा कौसाबाईने सोमवार धरले. मग नवापूरच्या पुढचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत शिकवायचा, शांत होता. त्याने पोरीचा पाय पाहिला आणि तरी हो म्हटलं. जमनाबाईंनी ठरवलं की लग्नाआधी पोरीला घेऊन समुद्रावर जायचं. मायचे उपकार फेडायचे आणि आणखी एक नवं लुगडं स्वतःच्या हाताने द्यायचं.

बोचकं बांधायला कौसाबाईलाच बोलावलं. ओट्यावर सगळं पसरलं होतं. जमनाबाईंनी आपलं एकच लुगडं काढून ठेवलं होतं, पांढऱ्यावर निळी बुट्टी असलेलं. तापी म्हणाली, "काकू, तुन्हं सांगणं आईले पाठ शे, पण ती ऐकत नही."

जमनाबाई हसल्या. "भिजनं तं वाळी जाई. नदीवर काय दुसरं नेतस का आपण?"

तेच वाक्य. नऊ-दहा वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाशी म्हटलेलं. कौसाबाईला दिसलं, जमनाबाई त्या काळ्या चिखलात पडल्या आहेत, लंगडी पोर त्यांना उठवते आहे, आणि कोरडं फक्त मायचं आहे.

ती उठून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हिरवं लुगडं होतं, तांबड्या काठाचं. तिने ते जमनाबाईंच्या बोचक्यावर ठेवलं.

"भिजल्यावर हे नेसजा," ती म्हणाली. "मी नेसनी व्हतू."

जमनाबाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी काठ हातात घेतला. आपण निवडलेला काठ बाई विसरत नाही. त्यांनी घडी उलगडली. निऱ्यांच्या चुण्यांतून काळी वाळू ओट्यावर सांडली, चिमूटभर.

कौसाबाईने सगळं सांगितलं. पडल्याचं, चुनीलालचं, सरूच्या झाडाचं. आणि ते लुगडं अंगावर घेतल्यावर बरं वाटलं होतं, तेही. तेवढं न सांगताही चाललं असतं. पण ते राहिलं तर काहीच सांगितलं नाही असं झालं असतं.

तापी आपल्या पायाकडे बघत होती. जमनाबाईंनी लुगड्याची घडी पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "इतला वरीस माय उघडीच ऱ्हायनी." बोचकं बांधलं आणि आत निघून गेल्या.

त्या सुरतेला जाऊन परत येईपर्यंत कौसाबाईने देवापुढे काही मागितलं नाही. मागायला जागा नव्हती. त्या आल्या त्या दिवशी ती दारात उभी राहिली, पण विचारलं नाही. त्यांनी कपड्यांचं बोचकं ओट्यावर ठेवलं आणि पाणी प्यायला गेल्या.

कपडे नदीवर न्यायचं काम धाकट्या जावेचं. कौसाबाईने घाटावर बोचकं सोडलं. नव्या लुगड्याचं पिवळं फडकं तेवढं होतं, रिकामं. पांढरं लुगडं काळं झालेलं. आणि खाली ते हिरवं, खारट, वाळूने भरलेलं, निऱ्यांच्या चुण्या पडलेलं. जमनाबाईंनी ते नेसलं होतं.

तिने ते पाण्यात बुडवलं आणि वाळू तापीत निघून जायला लागली. मागे पायऱ्यांवर कोणी तरी आलं. तिने वळून पाहिलं नाही, पावलं ओळखीची होती.

"एकडाव धुईसन जात नही ते खारं," जमनाबाई वरूनच म्हणाल्या. "दुसऱ्यांदा धू."

कौसाबाईने पुन्हा लुगडं पाण्यात बुडवलं. धुऊन झालं तेव्हा पिळून घाटावर पसरलं, आणि ते वाळेपर्यंत तिथेच बसून राहिली. लुगडं लवकर वाळलं. घरी नेऊन तिने ते जमनाबाईंच्या दांडीवर टाकलं. आपल्या ट्रंकेत परत ठेवायची तिची हिंमत झाली नाही.