कर्फ्यूतला हलवा

साखरेला धाकात ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे चुलतसासरे होते. फणसवाडीतल्या आमच्या चाळीत त्यांना सगळे काका म्हणत. लग्न केलेलं नव्हतं, एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होते, अंगापिंडाने दणदणीत, आणि आवाज असा की संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना कार्यकर्ते त्यांना मुद्दाम मैदानाच्या टोकाला उभं करत. लाउडस्पीकर जिथे पोचत नसे तिथे काका पोचत. पण हाच माणूस सणासुदीला चुलीपुढे बसला की देवघरात बसल्यासारखा व्हायचा. गणपतीत मोदकाच्या पाकळ्या ते अशा काढत की माझ्या सासूबाई, ज्या कुणाला सहसा चांगलं म्हणत नसत, त्या नुसत्या बघत राहायच्या. दिवाळीत गॅलरीतून चालता चालता त्यांना वासावरून कळायचं की कुणाच्या घरी काय बिनसतंय. मग त्या दारापाशी थांबून ते हळूच सांगत, "वहिनी, पाक पुढे गेला हो." आतल्या वहिनींना राग यायचा. त्या तणतणत पातेल्यापाशी जायच्या आणि पाक खरोखरच पुढे गेलेला असायचा. एकदा माटुंग्याला एका लग्नाच्या पंगतीत जिलबी मऊ पडलेली दिसली, तर काका जेवण टाकून मागे आचाऱ्याकडे गेले. यजमानांना वाटलं, आता भांडण होणार. जाऊन पाहतात तो काका सोवळं नेसून कढईपुढे बसलेले आणि आचारी त्यांना वारा घालतोय.

या सगळ्यावर कळस म्हणजे संक्रांतीचा काटेरी हलवा. ज्यांनी तो घरी केलेला पाहिला नसेल त्यांना सांगते. परातीत भाजलेले तीळ घ्यायचे, परात मंद निखाऱ्यांवर ठेवायची, त्यावर साखरेचा पाक थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी तीळ सतत फिरवत राहायचं. असं तासन्‌तास केलं की एकेका तिळावर साखरेचे बारीक, पांढरेशुभ्र काटे उभे राहतात. मुंबईच्या दमट हवेत हे व्हायचं म्हणजे नवलच. त्यासाठी काका डिसेंबरपासून वरळी कोळीवाड्यात खेपा घालत. तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्याशी त्यांची दोस्ती होती. लोक त्याच्याकडे मासे घ्यायला जात, काका वारा विचारायला जात. उत्तरेचा कोरडा वारा सुटणार असं त्याने सांगितलं की काका ऑफिसात रजेचा अर्ज टाकत. साहेबाने एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, काटा यायचाय. पायात काटा गेला असेल असं समजून साहेबाने रजा दिली.

आणि त्या रजेत चाळीला गप्प बसावं लागे. आवाजाने हात बिचकतो आणि काटा मोडतो, अशी काकांची ठाम समजूत होती. पोरांना खाली पिटाळलं जाई, भांडी संध्याकाळी घासली जात, सासूबाई माझ्याशी खुणांनी बोलत. कुणी मोठ्याने शिंकलं तरी आतून काकांचा उसासा ऐकू येई. नवल म्हणजे कुणी कुरकुरत नसे, कारण रथसप्तमीपर्यंत घरोघर जो हलवा पोचायचा तो पाहून माणसं खायचं विसरत.

माझं लग्न मार्गशीर्षात झालं, तेव्हा माझी पहिली संक्रांत लगेच छप्पन्नच्या जानेवारीत आली. काळ्या चंद्रकळेवर घालायला हलव्याचे दागिने काका स्वतः करणार होते. पण त्या वर्षी सुरुवात करेपर्यंतच संक्रांत उलटली, कारण काका रोज मोर्चात. मग मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं, माणसं रस्त्यावर आली, गोळीबार झाला आणि गिरगावात कर्फ्यू लागला. काका घरी आले ते घसा पार बसवून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेगडी पेटवली. सासूबाई म्हणाल्या, "भाऊजी, असल्या दिवसांत कसला हलवा?" काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पोरीचा पहिला सण आहे. सरकारला विचारून करायचा का?"

मी निखाऱ्यांना वारा घालत शेजारी बसले. ट्राम बंद, फेरीवाले नाहीत, पोरं दाराआड कोंडलेली. मधूनच पोलिसांची गाडी जायची आणि पुन्हा सगळं निपचित. दुपारपर्यंत परातीत जे उगवलं ते पाहून माझा पंखा थांबला. सुईच्या टोकासारखे काटे, एकही मोडका नाही. काकांनी एक दाणा तळहातावर घेऊन उजेडात धरला. इतक्या वर्षांत त्यांना हवा तसा काटा त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता.

तेवढ्यात समोरच्या चाळीतून रडणं ऐकू आलं. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक विधवा बाई राहत. त्यांचा मुलगा आदल्या दिवशी मोर्चात गेला होता तो परतला नव्हता. एरवी रस्त्यापलीकडचं रडणं आमच्यापर्यंत आलं नसतं. त्या दिवशी शब्द न् शब्द कळत होता. काकांचा हात परातीत तसाच थांबला. ते म्हणाले, "हीच शांतता मी दरवर्षी मागत होतो, नाही का गं?"

त्यांनी परात खाली उतरवली, गॅलरीत गेले आणि त्या फुटक्या आवाजात दारोदार सांगत सुटले की पोरांना बाहेर सोडा, गॅलरीत खेळू दे, भांडू दे. पोरांचा आधी विश्वासच बसेना. मग एकाने डबा बडवला, दुसरा त्याच्यावर ओरडला आणि बघता बघता चाळ दणाणली. काका परत येऊन त्या गोंगाटात पाक सोडत बसले. त्यांचे डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

कर्फ्यू सैल झाला त्या दिवशी तो मुलगा आला. लालबागला कुणा गिरणी कामगाराने त्याला घरात घेऊन लपवलं होतं. दंडाला पट्टी होती, पण होता धडधाकट. पहिली वाटी हलवा काका स्वतः समोर घेऊन गेले. माझं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आदल्या दिवशी झालं. बिंदी आणि बाजूबंद टोकदार काट्यांचे होते, बाकीचे दागिने अगदीच बोथट. बायका हळूच एकमेकींना दाखवत होत्या. मला मात्र मूठभर मांस चढलं होतं.

त्यानंतर महाराष्ट्र झाला, काका रिटायर झाले, पण चाळीला गप्प करणं त्यांनी कायमचं सोडलं. तसा काटाही पुन्हा कधी आला नाही. त्यांच्या शेवटच्या संक्रांतीला त्यांची बोटं थरथरत होती आणि बाहेर माझी मुलं गोट्यांवरून भांडत होती. परातीतले दाणे गुळगुळीतच राहिले. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी त्यातला एक उचलून माझ्या हातावर ठेवला आणि मी तो तोंडात टाकेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

"गोड आहे ना? मग झालं."