भावोजींची पुढची काच

पालघर तालुक्यात वाऱ्याशी इतकं मन लावून भांडलेला दुसरा माणूस झाला नसेल, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. भावोजी माहीमचे. घरापुढे चिकूची दहा-बारा झाडं, मागे पानवेलीचा मळा आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सची नोकरी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक जुनी, काळी, धडधडणारी मोटारसायकल घेतली. लोक गाडी घेतली की तिला हार घालतात, नारळ फोडतात. भावोजींनी तिला आधी काच बसवली आणि मग नारळ फोडला. कारखान्याच्या भंगारात पडलेला अ‍ॅक्रिलिकचा तुकडा रीतसर गेटपास करून आणला, कडा कानशीने घासल्या आणि दोन पट्ट्यांनी हँडलला आवळला. त्या दिवसापासून त्यांच्यापुढे एकच प्रश्न उरला, तो म्हणजे ही काच किती उंच असावी.

तुम्हाला-मला वाटेल, काच वारा अडवते, विषय संपला. असं बोलणाऱ्याकडे भावोजी फार दयेने बघत. मग समोर बसवून समजावून सांगत. काच बुटकी ठेवली तर सगळा वारा छातीवर येतो आणि बोईसरला पोचेपर्यंत खांदे भरून येतात. थोडी वाढवली तर तोच वारा कडेवरून उसळून कपाळावर थपडा मारतो, डोकं घुमतं. म्हणून आणखी उंच केली, तर गाडीला शीड लावल्यासारखं होतं. वाटेत खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, उघड्यावर आडवा वारा सुटला की गाडी आपल्याला विचारल्याशिवाय डावीकडे निघते, आणि एवढा वारा फाडत जायचं म्हणून पेट्रोलही जास्त पिते. "वारा डोक्यावरून गेला पायजे," ते म्हणत, "डोक्यात गेला का मानूस गेला!" त्यांचा नियम पक्का होता. काचेची वरची कड नाकाच्या शेंड्याला आली पाहिजे. म्हणजे नजर काचेवरून जाते, वारा टोपीवरून जातो, आणि गाडी, माणूस, पेट्रोल तिघंही सुखात राहतात.

आता नाकाचा शेंडा काही जागचा हलत नाही, पण भावोजींचं समाधान रोज हलायचं. पाव इंच कापायचं, चार दिवस चालवायचं, पुन्हा पाव इंच. वारा कुठून कसा वळतो हे कळावं म्हणून त्यांनी ताईच्या शिवणाच्या डब्यातले लाल दोरे काचेवर चिकटवले होते. ते फडफडत असताना गाडी माहीमच्या रस्त्याने निघाली की कुणाला वाटायचं कुठल्या देवीला चाललेत. पालघर स्टेशनबाहेर कुणाच्या स्कूटरला काच दिसली की खिशातून टेप काढून मोजायला बसत, आणि मालक आला की त्यालाच टेपचं दुसरं टोक धरायला लावत. गाडी लिटरला किती जाते हे टाकीवरून नीट कळत नाही, म्हणून त्यांनी सलाईनची रिकामी बाटली मिळवून हँडलला टांगली, तिच्यात मोजून पेट्रोल भरलं आणि नळी थेट इंजिनाला जोडली. बाटली संपेल तिथे गाडी थांबणार, तेवढं अंतर खरं. एकदा बाटली उमरोळीच्या पुढे संपली. जोडीला पेट्रोल न्यायचं राहून गेलं होतं. भावोजी गाडी ढकलत कारखान्याच्या गेटवर पोचले, तर उत्तरेकडचा वॉचमन म्हणाला, "साहब, शीशा छोटा करते करते पैदल हो गये क्या?" भावोजींनी घाम पुसत त्याला आनंदाने सांगितलं, की मागच्या काचेपेक्षा चार किलोमीटर जास्त आले. काच कापता येते, वाढवता येत नाही, त्यामुळे अंदाज चुकला की नवा तुकडा लागायचा. जुने तुकडे ताईने पापडांवर झाकायला आणि लोणच्याच्या बरण्यांखाली घालायला घेतले होते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. भावोजी बुटके, आणि आमच्या घरातली सगळी माणसं ताडमाड. ताई त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. लग्न ठरताना दोन्हीकडच्यांनी हे पाहिलं आणि दोन्हीकडच्यांनी न पाहिल्यासारखं केलं. ताईने तर ते आयुष्यभर पाळलं. ती सपाट चपला घालायची, रस्त्याने त्यांच्याबरोबर चालताना आपण होऊन सखल बाजूला जायची, आणि जरा पोक काढूनच बसायची. त्या घरात उंची हा शब्द फक्त काचेबद्दल काढायची मुभा होती.

ताई सालवडच्या शाळेत शिक्षिका होती. वाट एकच, म्हणून दोघं सकाळी गाडीवरून निघत. दोनेक वर्षं अशी गेली. मग तिचा कान दुखायला लागला, वाहायला लागला. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाला वारा अजिबात लागता कामा नये. तिने डोक्याला स्कार्फ बांधला, वर शाल गुंडाळली, तरी उतरली की कान धरून बसायची. शेवटी ती एसटीने जाऊ लागली. माहीम-पालघर एक गाडी, पुढे बोईसरची दुसरी, आणि त्या दोघींचं एकमेकींशी कधी पटलं नाही. ताईला शाळेत रोज उशीर व्हायचा. मुख्याध्यापकांनी दोनदा तोंडी सांगितलं, तिसऱ्यांदा लेखी दिलं. भावोजींना वाटायचं, हिला स्कार्फच नीट बांधता येत नाही.

मी तेव्हा पालघरला एका कचेरीत कारकून होतो. एका रविवारी ताई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुझं अक्षर बरं हाय. मला राजीनामा लिहून दे."

मी चाटच पडलो. ही बाई तापात शाळेत जाणारी. दुसरीतली पोरं तिच्या हाताखाली वाचायला लागायची, तो तिचा जीव की प्राण. मी म्हटलं, "भावोजींना सांगितलंस का, की त्या काचेचा काही उपयोग होत नाही?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "तुमची काच माझ्या हनवटीला येते, असं सांगू? त्यांना काय वाटेल?" आणि डोळे पुसत बसली.

मी राजीनामा लिहिला, पण तिला दिला नाही. पंधरा मिनिटांत अक्षर बिघडल्याची तीन कारणं सांगून तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत रजा टाकली आणि बोईसरला काम आहे म्हणून भावोजींच्या मागे बसलो. पुढे भावोजी आरामात गुणगुणत होते. त्यांच्या टोपीवरून सुटलेला सगळा वारा मात्र सरळ माझ्या तोंडावर येत होता. कानात तर कुणी फुंकर घालत बसल्यासारखं होत होतं. उमरोळीपर्यंत मी डोळे मिटून घेतले होते. बोईसरला उतरलो तेव्हा दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. भावोजींनी ते पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बग! डोल्यात पानी आलं ना? असा परवास तू कदी केला नसशील!"

"भावोजी," मी म्हटलं, "तुमचा वारा मागच्याच्या तोंडावर येतो."

"आमच्या काचेला तसा दोष नाय."

"तुम्हाला लागत नाही. मी उंच आहे."

ते हसायला गेले आणि मध्येच थांबले. माझ्याकडे बघितलं, मागच्या सीटकडे बघितलं. मग चहाच्या टपरीच्या बाकावर जाऊन बसले. चहा आला, निवला, साय धरली, तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "दोन वरसं बसली ती. एक शबद नाय बोलली."

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबरच माहीमला गेलो. भावोजींनी अंगणात गाडी स्टँडवर लावली आणि ताईला हाक मारली. "बस मागं." ती बसली, नेहमीसारखी पोक काढून. शेजारच्या वाडीत बायामाणसं पानं खुडत होती, ती थांबून बघायला लागली. भावोजींनी पुढे बसून आपल्या नाकाची खूण काचेवर केली, उतरले, घरातून स्टूल आणलं, त्यावर चढले आणि टेप सोडला.

"ताठ बस," ते म्हणाले.

"अहो, लोक बघतात."

"बगू दे. ताठ बस. वाकू नको." आणि मग सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू माज्यापेक्षा उंच हायेस. बसलेली हायेस तरी चार इंच उंच हायेस. चार इंच जास्त काच लागेल, चार इंच जास्त लावू."

ताई ताठ बसली. मी माझ्या बहिणीला इतकं सरळ बसलेलं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. तिच्या पाठीचा मी कधी विचार केला नव्हता, हे मला त्या वेळी फार लागलं.

नव्या काचेने भावोजींचे सगळे नियम मोडले. आता त्यांना काचेवरून नव्हे, काचेतूनच बघावं लागे. दव पडलं की एका हाताने पुसत चालवायचे. गाडी लिटरला किती जाते हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. खाजणाजवळ वारा सुटला की दोघं काटेरी झुडपांच्या बाजूला सरकत, म्हणून भावोजी ताशी तीस किलोमीटरच्या वर जात नसत. सायकलवाले सोडून सगळे त्यांना मागे टाकत. पण ताईचा कान त्या हिवाळ्यात सुकला, आणि सालवडच्या शाळेत ती घंटेच्या आधी पोचू लागली.

काही महिन्यांनी भावोजी मला बाजारात भेटले. काचेबद्दल काहीतरी सांगतील म्हणून मी तयारीत उभा राहिलो. तर म्हणाले, "अरे, तुजी ताई केवडी बोलते! आदी वाऱ्यात काय आयकायलाच येत नव्हतं." कुठलं पोर कोणत्या अक्षराला अडतं, कुणाची आई वीटभट्टीवर गेलीय, ते सगळं त्यांना पाठ झालं होतं. पुढची दहा-अकरा वर्षं दोघं तसेच जात राहिले.

ताई निवृत्त झाली, पाठोपाठ तेही. आता घरात दोघंच असतात. रेडिओ चालू असतो, शेजारपाजारचं कुणी ना कुणी येऊन बसलेलं असतं, आणि ताई कामात असते; गाडीवरच्यासारखं निवांत बोलणं काही होत नाही. भावोजी अधूनमधून मला फोन करतात. तब्येत विचारतात, पावसापाण्याचं बोलतात, मग जरा घुटमळतात.

"अरे," ते म्हणतात, "तुजं बोयसरला काय काम हाय का? आमी दोगं गाडीवरून जाऊन येतो."

माझं काही काम नसतं. पण मी दर वेळी काहीतरी काढतो.