हिरव्या शेपटीचे पाहुणे

आमचे शेजारी बसलिंगप्पा उदगीरच्या मोंढ्यातले किराणा दुकानदार. माणूस देवाचा, पण अक्कल वापरायला कंजूष. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता, आणि रानात दाणा उरला नाही म्हणून शेतातले उंदीर सडक ओलांडून घरोघरी शिरले होते. लोकांनी औषध घातलं. बसलिंगप्पा म्हणाले, "गणपतीचं वाहन हाय. मी न्हाई मारणार."

पण त्यांच्या मुलाचं, वीरभद्रचं, लग्न त्यापायी अडलं होतं. घर बघायला आलेल्या एका पाहुण्याच्या टोपीत उंदीर निघाला, दुसऱ्याच्या शिऱ्यात. आता जळकोटचे रेवणप्पा आपल्या मुलीसाठी घर बघायला यायचे होते. "या खेपेला उंदीर दिसला तर मी माहेरी जाते," बसलिंगप्पांची बायको रत्नम्मा म्हणाली. माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण धमकी ती धमकी.

बसलिंगप्पांनी पिंजरे लावले. रोज सकाळी सापडलेले उंदीर पोत्याखाली झाकून एस.टी.नं जळकोटला न्यायचे आणि स्टँडमागं सोडायचे. होणाऱ्या व्याह्याच्याच गावात उंदीर सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खूण म्हणून त्यांनी दाराच्या उरलेल्या हिरव्या रंगात शेपट्या बुडवल्या. चौथ्या दिवशी हिरव्या शेपट्या दुकानात हजर. "एवढ्या लांबून चालत आले बगा," ते मला कौतुकानं सांगत.

पाहुणे आले. मध्यस्थ म्हणून मीही बसलो होतो. शिरा आला, आणि कोनाड्यातून हिरव्या शेपटीचा उंदीर उतरून थेट बैठकीवर आला. रत्नम्मानं डोळे मिटले. मला त्या दोघांची फार कीव आली.

रेवणप्पांनी वाकून शेपटी निरखली. "आप्पा, ह्यो माझ्या स्टँडमागच्या घरचा हाय. परवाच मोंढ्यात सोडला. मारवत न्हाई, म्हणून एस.टी.नं आणून सोडतो. हितं दाणं तरी मिळतेत."

बसलिंगप्पा खाली बघत म्हणाले, "अन् मी जळकोटला सोडून राहिलो."

 रेवणप्पांनी शिऱ्याची बशी पुढं ओढली. "मंग आता बघायचं काय राहिलं? दोन्ही घरांचं साटंलोटं कवाच सुरू झालंय. आमची गौरम्मा दिली तुमच्या घरी."

लग्न झालं. गौरम्मा नांदायला आली ती कडेवर दांडगा बोका घेऊन. बसलिंगप्पांनी घाबरत विचारलं, "पोरी, हे काय?"

"आंदण," ती म्हणाली, आणि बोका दुकानात सोडला.