श्रावणातली मूठभर अंडी

मासोळीचं पोट ती अंगठ्यानं हलकेच दाबायची आणि डोळे मिटून घ्यायची. जणू आतून कोणीतरी तिच्याशी बोलतंय. मग डोळे उघडून एवढंच म्हणायची, "भरली हाय." आपण मनात म्हणावं, हिला कसं कळलं? पण पोट चिरलं की आतून पिवळट-केशरी अशा दोन पिशव्या निघायच्याच. माशाची अंडी. कोकणातली माणसं त्यांना गाभोळी म्हणतात. ही म्हणायची, "अंडं."

दर्यापूरच्या बाजारात कडुनिंबाखाली बसणारी ती भोईण. तिचा दीर गावाबाहेरच्या तलावात जाळं टाकायचा आणि ही विकायची. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायची. तुमच्याही गावात अशी एखादी मावशी असेल, जिचं नाव विचारायचं कोणाला सुचलंच नाही. मलाही नाही सुचलं. मला त्या वयात स्वतःशिवाय फारसं काही सुचतच नव्हतं.

मी तेव्हा पस्तिशीची होते. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. कडक इस्त्रीची साडी, खांद्यावर पर्स आणि काखेत गुंडाळलेला आहाराचा तक्ता. कापसानं घरोघरीची रया घालवलेली ती वर्षं. बाया चटणी-भाकरीवर दिवसभर निंदण करत, घरात डाळसुद्धा रोज शिजत नव्हती, आणि मी त्यांच्यापुढे तक्ता उलगडून सांगायची, "गरोदर बाईनं समुद्रातले मासे आवर्जून खावेत."

एकदा मागून मावशीचा आवाज आला, "बाई, समुद्र कोणत्या फाट्यावर उतरून लागते?"

सगळ्या बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. मी रागावून तक्ता गुंडाळला तो उलटा. पुढच्या गावात उघडला तर मासे पोट वर करून पडलेले.

आता खरी गंमत ऐका. दुसऱ्यांच्या अंगातलं रक्त वाढवायला निघालेल्या या बाईच्या स्वतःच्या अंगात रक्त होतं साडेसात. मला तेव्हा चौथा महिना होता. त्याआधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या खेपेला हयगय नको. लोहाच्या गोळ्या मी गावोगाव वाटायची आणि माझ्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरायची, कारण त्यांनी मला मळमळायचं. त्या वर्षी तुळस काय माजली होती म्हणता!

घरी नवरा आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोडून कोणालाच मी दिवस गेल्याचं सांगितलं नव्हतं. सांगितलं की जाईल, अशी भीती बसली होती. दर सकाळी उठून पोटावर हात ठेवायची आणि आहे ना, एवढंच बघायची. आहारशास्त्र सगळं त्या हाताखाली गप्प व्हायचं.

श्रावण लागला. बाजारातून जाताना मावशीनं हाक मारली. जवळ गेले तर ती उठली, माझी खालची पापणी बोटानं ओढली आणि आत पाहिलं.

"पांढरी फटक. कितवा?"

"काय कितवा?"

"मासोळीचं समजते मले, तुमचं नाई समजन काय? कितवा?"

"चौथा," मी म्हटलं. आणि बाजाराच्या मधोमध, इस्त्रीच्या साडीत, मला रडू फुटलं. आधीचं गेलेलं, गोळ्या, तुळस, सगळं सांगून टाकलं.

तिनं मला रडू दिलं. मग ओल्या फडक्याखालून अंड्यांची पिशवी काढून पळसाच्या पानात बांधली. ही तिची रीत मला तेव्हा कळली. मासोळी ती विकायची, पण अंडं विकायची नाही. ते पोटुशी बाईसाठी नाहीतर बाळंतिणीसाठी बाजूला ठेवायची. आता आपल्याकडची पंचाईत पाहा. मासोळ्या भरतात त्या पावसाळ्यातच, आणि तेव्हाच आमच्या घरांत श्रावण. म्हणून एरवी ती पिशवी मुसलमान मोहल्ल्यातल्या लेकीसुनांकडे जायची. त्या हक्कानं मागून न्यायच्या. आमच्या बाया मात्र लांबून बघत निघून जायच्या.

"मावशी, श्रावण आहे," मी म्हटलं.

"तुमचा असन. पोटातल्या लेकराले श्रावण नसते."

"घरी काय सांगू?"

"आधी खा, मंग सांगा. हळद-मिठाच्या पाण्यात उकडा, वड्या कापा, तेलावर परता. मधातून बी शिजलं पाह्यजे, कच्चं नाई ठेवायचं. अन् मूठभरच. आठवड्यातून एकदा. जास्त खाऊन काई पैलवान नाई होत." मग आवाज चढवून, "अन् गोळ्या तुमी खा, तुळशीले कायले देता? अंड्यानं गोळीचं काम नाई होत!"

पुढे एका प्रशिक्षणात मी वाचलं, की माशाच्या अंड्यांत उत्तम प्रथिनं असतात, बी-बारा आणि ड जीवनसत्त्व असतं, बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारे ओमेगा-थ्री असतात, आणि कोलेस्टेरॉलही बरंच असतं, म्हणून बेतानं खावीत. मी वही मिटून बसले. एवढी पानं मावशीनं एका मुठीत बसवली होती.

तर मी परसात स्टोव्ह मांडून चोरून अंडं शिजवू लागले. योगायोग असा, की नेमकं त्याच दिवशी आत्याबाई भजनाला जायच्या. देव माझ्या पाठीशी आहे असं मला वाटायचं. तिसऱ्या खेपेला त्या चपला घालताना दारातून म्हणाल्या, "आलं-लसूण जरा जास्त टाक. शेजारणीनं मले वासाचं इचारलं मागच्या वेळी." आणि टाळ वाजवत निघून गेल्या. मी हातात उलथनं घेऊन तशीच उभी.

पाचवा महिना आला. त्या महिन्यात मी रोज बाजारावरून गेले, काम असो नसो. ती काही विचारायची नाही. मासोळी कापता कापता मान वर करून माझ्या पोटाकडे बघायची आणि पुन्हा कापायला लागायची. पाचवा सरला त्या दिवशी मात्र तिनं सुरी खाली ठेवली. "आता बसा थोडं," म्हणाली. आम्ही दोघी पोत्यावर बसलो.

एकदा मी विचारलं होतं, "तुम्ही खाता की नाही अंडं?"

"मले नाई जात. चिरणारी मीच ना." मग सुरी पुसत म्हणाली, "हंगामातल्या पयल्या तीन भरलेल्या आमी पान्यात सोडतो. तेवढंच."

मला मुलगी झाली. पुढची दोन वर्षं पाऊस रुसला. तलाव आटला, तळाची माती तडकली, आणि कडुनिंबाखाली बर्फाच्या पेटीतले परमुलखातले मासे घेऊन दुसराच माणूस बसू लागला. मावशी लेकीकडे अकोल्याला जाणार असं उडत उडत कानावर आलं. नंतर कामानिमित्त अकोल्याला गेले की मी तिथल्या मासळीबाजारात विचारायची, "दर्यापूरची भोईण आहे का हो कोणी?" पण नाव सांगता येत नसलेलं माणूस शोधायचं कसं? हे शहाणपण मला उशिरा आलं.

शेवटची दिसली ती त्याआधी, दर्यापूरच्या एसटी स्टँडवर, अकोल्याच्या गाडीत खिडकीशी. मी लेकीला कडेवर घेऊन धावतच गेले.

"हेच काय ते?" तिनं खिडकीतून हात काढून पोरीची पोटरी चाचपली. "चालते?"

"धावते!"

"मंग खाली सोड ना पोरी, पाहू दे मले."

पहिल्यांदाच तिनं मला बाई म्हटलं नाही. मी लेकीला खाली सोडलं. ती जी सुटली ती थेट रसवंतीच्या दिशेनं, दोन्ही हात वर करून, फ्रॉक उडवत. मी हाका मारत मागे. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली. वळून पाहिलं तर गाडी निघाली होती आणि मावशी खिडकीतून अर्धी बाहेर वाकलेली. मी हात हलवला. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. गाडी फाटकातून वळेपर्यंत ती त्या धावणाऱ्या दोन पायांकडेच बघत होती.