कोदंडाचा भाऊ

सेतू जाण्याच्या दोन दिवस आधी मी त्याला पाहायला इस्पितळात गेलो होतो. नाकात नळी, हाताला सलाइन. मी स्टूल ओढून बसतो न बसतो तोच त्यानं विचारलं, "भास्करा, तुझ्या सरदाराच्या डाव्या हाताची दोन बोटं मगरीनं खाल्ली ना? मग मागल्या रविवारी दरबारात त्यानं वीणा कशी वाजवली?"

"खुलासा लिहितो की."

"कधी? मी गेल्यावर?" म्हणाला आणि इतका हसला की नर्सनं आम्हा दोघांनाही दटावलं... तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा, पद्मावहिनींचा फोन आला.

तंजावूरच्या राजवाड्यामागल्या गल्लीत सेतूचं घर. तिथे दर रविवारी दुपारी आमचा खेळ चाले. कल्पित राज्यातली माणसं व्हायचं, फासे टाकायचे, दान पडेल तशी कथा पुढे न्यायची. सेतू आणि त्याचा तमिळ शेजारी मुरली आधीपासून खेळत. मी मागाहून आलो. राज्य मुरलीनं रचलेलं, सेतू हा कोदंड नावाचा नावाडी, आणि मी सरदार. जो तो आपल्या पात्राची पूर्वकथा रचायचा. तिच्यातल्या चुका पकडायचं काम सेतूकडे होतं. ते त्याला कुणी दिलं नव्हतं, त्यानंच घेतलं होतं.

त्याची सगळी नोकरी भूमापन कचेरीत झाली. तिथे जुनी नोंद खोडत नाहीत, शेजारी खुलासा लिहितात. तोच नियम त्यानं खेळ टिपायच्या आमच्या वहीला लावला. भाषा आमची मराठी, पण मुरलीलाही वाचता यावी म्हणून अक्षरं तमिळ. उजवीकडे हातभर समास. ज्याची चूक, त्यानंच दोन्ही गोष्टी खऱ्या ठरतील असा खुलासा लिहायचा. तोवर त्याचं पात्र बाहेर बसणार.

पहिला मी बसलो. आमच्या घरांतून नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, म्हणून मीही सरदाराला त्याच्या आजोबाचं नाव दिलं, आणि लिहिण्याच्या भरात आजोबाची लढाई नातवाच्या खाती गेली. सेतूनं बोटांवर हिशेब केला. "तुझा सरदार एकशेतीस वर्षांचा आहे. मुंडासं बांधायला माणूस लागत असेल!" मुरली हसून आडवा झाला. मी लिहिलं : सरदार बढाईखोर आहे, आजोबाचे पराक्रम आपले म्हणून सांगतो. सेतू असा खूश झाला, की त्यानं आपल्या कॉफीच्या डबऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली, अर्धी कापी माझ्या पेल्यात ओतली.

तेरावा झाल्यावर वहिनींनी आम्हाला बोलावलं. म्हणाल्या, "कोदंड आता मी चालवीन. इतकी वर्षं आतून ऐकतेच आहे." आम्ही वही उघडली. पहिल्या पानावर सेतूच्या अक्षरात होतं, कोदंड आईबापांचा एकुलता एक. चाळिसाव्या पानावर त्याच अक्षरात : 'आम्ही दोघे भाऊ नदी उतरलो.' समास कोरा. आमच्या चुका पकडणाऱ्याची चूक कुणी पाहिलीच नव्हती.

मुरली मला म्हणाला, "जाऊ द्या, सार. ते वाक्य खोडून टाकू."

वहिनींनी वही ओढून घेतली. "त्यांचं अक्षर खोडलंत तर ह्या घरात कापी बंद. आणि खुलाशावाचून कोदंड नावेत चढायचा नाही. त्यांचा नियम त्यांनाही लागू."

"पण ज्याची चूक त्यानंच..."

"भावजी, तुमच्याकडे त्यांचा एक खुलासा राहिलाय, वीणेचा. एक त्यांच्यातर्फेही लिहा."

वही दोन आठवडे माझ्या टेबलावर होती. मी सावकाश लिहिणारा माणूस. चाळिसावं पान किती वेळा वाचलं असेल, पण त्या वाक्याच्या वरची ओळ मला फार उशिरा दिसली. माझा सरदार त्याच ओळीत पहिल्यांदा कोदंडाच्या नावेत पाय ठेवतो... तो माझा तिथला पहिला रविवार.

मी समासात लिहिलं : 'कोदंड एकुलता एकच होता. भाऊ त्याला नावेत मिळाला.' मग शेवटचं लिहिलेलं पान काढलं. दरबारात त्या दिवशी कोदंडही हजर होता. तिथे लिहिलं : 'सरदारानं उजव्या हातानं तारा छेडल्या. डाव्या बाजूची बोटं कोदंडाची होती.'

रविवारी वहिनींनी दोन्ही खुलासे वाचले, मग परत एकदा वाचले. वही सेतूच्या जागी उघडी ठेवली, फासे उचलले आणि म्हणाल्या, "सरका जरा, भावजी. नाव माझी आहे."